कडेवरचं नाव

पहिल्या महायुद्धात परमुलखात कामी आलेल्या आपल्या सेनापतीच्या स्मरणार्थ एका संस्थानच्या महाराजांनी चांदीची पदकं पाडून घेतली होती. एका बाजूला महाराजांचा चेहरा, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा सेनापती, आणि कडेवर ज्या शिपायाला ते दिलं त्याचं नाव. चित्रकलेचा मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर मला या पदकांचा नाद लागला. नादाबरोबर संशयही आला, कारण बाजारात ओतीव नकला फार. कुणी पदक पुढे केलं की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघतो.

गेल्या हिवाळ्यात भिंगारहून एका बाईंचा फोन आला. निवृत्त नर्स, ख्रिस्ती, एकट्या राहणाऱ्या. आजोबांचं पदक आहे, बघून जा म्हणाल्या. माझा नंबर कुणी दिला, हे मात्र सांगेनात.

गेलो. पदक त्यांनी हातात दिलं, पण नजर माझ्या बोटांवरून काढली नाही. मी भिंग काढलं तशी त्यांनी खुर्ची जवळ ओढली. घोड्याची आयाळ बोथट, कडेवरची अक्षरं बुजलेली. नक्कल होती. नाव कसंबसं लागलं. त्याच नावाचं पदक माझ्या कपाटात होतं. ख्रिस्ती शिपायाचं माझ्याकडे तेवढं एकच, म्हणून नाव पाठ होतं.

मनात आलं ते वाईटच. माझ्या पदकाची कुणीतरी यांना खबर दिली असणार, आणि खोटं दाखवून खरं काढून घ्यायचा हा डाव असणार.

"हे खरं नाही," एवढंच म्हणालो.

"ठाऊक आहे. उजळून देतो म्हणून एकानं खरं नेलं आणि हे आणून दिलं. तुम्ही काय म्हणता ते बघायचं होतं."

माझ्याकडच्या पदकाबद्दल मी चकार शब्द काढला नाही. सहज विचारल्यासारखं करून खऱ्यावर काही खूण होती का, विचारलं. घोड्याच्या पोटाखाली खोच होती, लहानपणी आपणच खिळा ठोकला होता आणि मार खाल्ला होता, असं त्या म्हणाल्या.

घरी येऊन भिंगाखाली पाहिलं. खोच होती. इतकी वर्षं मी तिला ठशातला दोष समजत होतो.

दुसऱ्या दिवशी पदक नेऊन दिलं. बाईंनी खोचेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "तुमच्याकडे कसं आलं?"

कर्जतच्या एका व्यापाऱ्याकडून विकत घेतलं, असं मी सांगितलं. तो दिसतो कसा, हेही त्यांनी विचारलं. तरुण, धिप्पाड, दाढीवाला, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

"तो नव्हे. नेणारा तुमच्याच वयाचा होता. चष्मा, पांढरे केस. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं तेव्हा. चेहरा नीट दिसला नाही."

मी नाकावरचा चष्मा काढून पुसायला घेतला. त्यांनी पदक कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला खोचली. घरी येऊन मी व्यापाऱ्याला फोन केला, तर आठवडे बाजारात एका अनोळखी माणसाकडून घेतलं, एवढंच तो म्हणाला. खरं-खोटं त्यालाच माहीत.

भिंगारला गेलो की अजूनही बाईंकडे डोकावतो. चहा देतात, तब्येतीचं विचारतात. फक्त मी बोलायला लागलो की डोळे मिटून ऐकतात, आवाज ओळखीचा वाटतोय का ते बघत असल्यासारख्या.