धुऱ्यावरची पाच रोपं

लसूण ठेचून ताज्या सायीत कालवला, की त्या वासासरशी मला अड्याळजवळची आमची धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, आठवते. उन्हाळी धानाच्या कडेला मी हट्टानं लेट्यूस, कच्ची खायची ती सॅलडची पानं, लावलं होतं आणि उरलेली पाच रोपं धुऱ्यावर, म्हणजे उंच बांधावरच्या कोरड्या मातीत खोचली होती. मी दोन दिवस भंडाऱ्याला काय गेले, बाबांनी मायेपोटी माझ्या लेट्यूसमध्ये घोटाभर पाणी भरून ठेवलं. मी ओरडले, तर म्हणाले, "धानाले चालते, मंग याले काहून नाही?" सगळं सडलं, वाचली ती धुऱ्यावरची पाच. होळीच्या आधी त्यांचे हिरवेगार गड्डे कापून घरी आणताना मी जवळजवळ पळतच होते. साय, दही, लसूण, लिंबू, मिरपूड रवीनं घुसळली आणि परातीतल्या गार पानांवर ओतली. बाबांनी एक पान कुरकुर चावलं, मग दुसरं, मग परातच जवळ ओढली. "आता हे साऱ्या धुऱ्यावर लावू ना वं पोरी!" आता दरवर्षी लावतो, आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबाच बजावतात, "यात पाणी भरू नोका बाप्पा, सडते ते!"