औक्षणावर लावलेलं गाणं

मित्रांनो, आज दुपारी विश्रामबागला सविताकडे बसलो होतो. ही माझी मैत्रीण घरगुती समारंभांचं व्हिडिओ शूटिंग करते. एकटीचाच व्यवसाय. तेवढ्यात लोणंदकडचे एक निवृत्त फौजी आले. ते सैन्यातून परतले तेव्हाची मिरवणूक आणि दारातलं औक्षण तिनेच चित्रित केलं होतं.

"ताई, गेल्या महिन्यात आई गेली. ओवाळताना ती कायतरी बोलत हुती. तेवढा आवाज मिळंल का?"

सविताने व्हिडिओ लावला. आई ओवाळतेय, ओठ हलताहेत आणि वर दणदणीत गाणं.

"गाणं काढा की."

"दादा, खालचा आवाज मीच काढून टाकला. मूळ शूटिंगही पुसलं."

ते कसनुसं हसले. "आवं, मीच म्हणलो हुतो न्हवं का, त्या दुसऱ्या शूटिंगवाल्यांसारखं लय भारी गाणं लावा म्हणून."

ते गेल्यावर सविता म्हणाली, "मी माणसांचं बोलणं जपते म्हणून लोक माझ्याकडे यायचे रे. बाकीच्यांच्या रील्स बघून मीच घाबरले आणि त्यांच्यासारखी गाणी लावायला लागले."

स्वतंत्र काम करणाऱ्यांनो, हे लक्षात ठेवा! इतरांसारखं काम करून देणारे पुष्कळ आहेत. तुमच्या हातात जे वेगळं आहे, ते ग्राहकाशी भांडूनही राखा. तो आज रुसेल, पण उद्या तेच मागायला तुमच्याच दारात येईल.

सविताच्या दारातून आज एक लेक रिकाम्या हाताने परत गेला. इतरांसारखं दिसण्यासाठी तुम्ही तुमच्या कामातलं काय पुसून टाकलंत?