लाइन जाम होऊ द्यायची नाही

कोराडीच्या वीजकेंद्रात वामनरावांनी एकतीस वर्षं राख वाहून नेली. डोक्यावरून नव्हे, कोळशाची राख पाण्यात कालवून जाड पाइपांमधून दूरच्या बंधाऱ्यावर ढकलायची, त्या खात्यात ते होते. पाणी थांबलं की राख पाइपात बसते आणि लाइन जाम होते, हे त्यांनी घरी इतक्या वेळा सांगितलं होतं की कुसुमताई एखादी शिफ्ट एकट्याने काढू शकल्या असत्या. त्यांच्या वाट्याला राखेचं दुसरं टोक आलं. पारशिवनीकडच्या गावातून लग्न होऊन आल्या तेव्हापासून खिडक्या पुसायच्या, वाळत घातलेले कपडे झटकायचे, ताटं उपडी ठेवायची. तक्रार करायला त्यांना फुरसत नव्हती, आणि ऐकायला वामनराव घरी नसत.

निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं, कोराडी रोडला दोन खोल्यांचं घर झालं आणि तीन वर्षांपूर्वी वामनरावांना विसर पडायला लागला. आधी नावं गेली, मग रस्ते. एकदा ते वीजकेंद्राच्या गेटवर जाऊन उभे राहिले, एकदा गॅस चालूच राहिला. तेव्हा धरमपेठेत राहणारा मुलगा सौरव आईसमोर बसून म्हणाला, "आता अजून एक जरी काही झालं नं आई, तर मी बाबाले तिकडे ठेवीन." तिकडे म्हणजे अशा म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत. त्या दिवसापासून कुसुमताई नवऱ्याच्या चुका पदराआड लपवायला लागल्या. सौरव वाईट मुलगा नव्हता, हीच पंचाईत होती. वाईट असता तर त्याच्याशी कडाकडा भांडता आलं असतं.

फेब्रुवारीतला रविवार होता. सौरव दर रविवारी अकराला यायचा, म्हणून त्या आठ वाजता बाहेरून कडी लावून भाजी आणायला गेल्या. अर्ध्या तासात परतल्या तर उंबऱ्याखालून काळं पाणी बाहेर येत होतं.

आत घोट्याएवढं पाणी आणि त्यात सगळी घाण. गव्हाचं पोतं खालून फुगलेलं, गाद्या ठेवायची पेटी पाण्यात, प्लायवूडच्या कपाटाचे पाय उकललेले. वामनराव पॅन्ट दुमडून संडासाच्या दारात उभे होते. कुंड्यांना पाणी घालायची नळी त्यांनी सीटमध्ये खुपसली होती आणि नळ पूर्ण सोडला होता. शेजारी तुळशीची रिकामी कुंडी, उदबत्तीच्या राखेचा डबा आणि कणकेचा डबा, दोन्ही तळापर्यंत रिकामे.

"पाणी बंद नको करू वं कुसुम," ते म्हणाले. "राख लई आली आज. लाइन जाम होईन."

वर्षभरात त्यांनी बायकोला नावाने हाक मारली नव्हती. चेहरा असा उजळलेला होता, की कुसुमताईंना आधी बरं वाटलं, मग संताप आला, आणि मग, घेऊन जा म्हणावं यांना एकदाचं, असंही वाटलं. त्या वाटण्याची त्यांना पुढे फार लाज वाटली. त्यांनी नळ बंद केला, नवऱ्याचे पाय धुतले आणि त्यांना कोरड्या खाटेवर बसवलं.

कुंड्यांमधली माती महिनाभर कमी होत होती. मांजर उकरतं, असं त्या स्वतःला सांगत आल्या होत्या.

प्लंबर नत्थू गल्लीतच राहायचा. त्याने अंगणातल्या चेंबरचं झाकण उघडलं, तारेची लांब स्प्रिंग आत सरकवली आणि बाहेर काढायला लागला: चिकट माती, कणकेचे गोळे, तुळशीच्या काड्या. सगळं राखेने करडं झालेलं.

"काकू, हे कोनं टाकलं?"

"तू काढ नं बाप्पा. साडेदहा होऊन राहिले."

त्यांनी सुपलीने पाणी लोटलं, फिनाइल ओतलं, पोतं फरफटत मागच्या अंगणात नेलं. कंबर मोडली तरी थांबल्या नाहीत. पण भिंतीवर पाणी चढल्याची काळी रेघ उरली होती, ती पुसली की अजूनच पसरत होती. तेवढ्यात सौरव आला, पावणेअकरालाच. चेंबरजवळचा ढीग त्याने पाहिला, ओली भिंत पाहिली.

"बाबानं केलं नं हे?"

"नाही रे, म्या टाकलं," कुसुमताई म्हणाल्या. "कुंड्या साफ करून राहिली होती. कुठं टाकून राहिली, याचं भानच नव्हतं मले."

"अन् कणिक?"

"तेही म्याच. किडे झाले होते. नळ चालू ठेवून भाजीले गेली. मले आता काही आठवतच नाही रे."

नत्थूने खाली मान घालून स्प्रिंग गुंडाळली. सौरवचे डोळे भरून आले.

"मले काहून नाही सांगितलं वं आई? तूच विसरून राहिली, तर बाबाले कोन पाहीन?"

कुसुमताईंना आपण काय करून बसलो ते तेव्हा कळलं. खरं सांगावं तर वामनराव जातात, आणि खोटं सांगितलं म्हणूनही वामनरावच जातात. सौरव अंगणात जाऊन फोनवर बोलायला लागला.

पुढच्या सोमवारी सकाळी सहाला दारात त्या संस्थेची गाडी उभी राहिली. वामनराव बाहेर यायला तयार होईनात. अनोळखी गाडी पाहून त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली. सौरव हतबल होऊन आईकडे पाहायला लागला. कुसुमताई आत गेल्या, जुना स्टीलचा डबा काढला, त्यात पोळी आणि वांग्याची भाजी भरली आणि तो नवऱ्याच्या हातात दिला.

"अजी, ड्यूटीची गाडी आली. फर्स्ट शिफ्ट आहे आज."

त्यांनी चौकट सोडली. शर्ट नीट केला, डबा काखेत धरला आणि चपला घातल्या.

"मग दोनले येतो," ते म्हणाले, आणि नेहमीसारखेच मागे न पाहता गाडीत जाऊन बसले.

"या," कुसुमताई म्हणाल्या. "भाजी गरम करून ठेवतो."