नऊ वर्षांच्या पोरीचं माप

शिंपीणबाई चोरीचा माल लपवतात, अशी कुजबूज आमच्या गल्लीत होती. तुरुंगातून सुटलेली माणसं त्यांच्या दुकानात येत ना! खरं तर ती येत आपल्या मुलांची मापं विचारायला. आत गेलेल्या बापाच्या डोळ्यांपुढे पोर तेवढंच राहतं आणि पहिल्या भेटीला तो हमखास तोकडा कपडा नेतो. शाळेचे गणवेश बाईच शिवत, म्हणून पोराच्या आईला विचारून त्या नवं माप देत.

परवा एक रंगारी सहा वर्षांनी सुटून आला, तो तीन वर्षांच्या पोरीचा फ्रॉक घेऊन. पोर आता नऊची. बाईंनी आईच्या परवानगीने तिला बोलावलं आणि टेप बापाच्याच हाती दिली. पोर मान ताठ करून उभी राहिली.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी चिरंजीवांची पँट न्यायला दारात टपकले. यांना कोणी विचारलं होतं?

"असली माणसं लेकरांजवळ? दुकान बंद करायला लावीन."

रंगाऱ्याने टेप खाली ठेवली. बाईंनी ती उचलून पुन्हा त्याच्या हातात कोंबली.

"साहेब, तुमच्या मुलाचं माप चार वर्षं तुमचा ड्रायव्हर आणून देतोय. हा निदान स्वतः आलाय. आता दारातून बाजूला व्हा, त्याला आकडे दिसत नाहीत."