सुलतानपूरला नेलेली पाण्याची बाटली

चिखलीच्या स्टँडवर एक हातानं लिहिलेला कागद डकवला होता: ‘रविवारी दुपारी सुलतानपूरच्या शाळेत विज्ञानाची सभा. लहानथोर सर्वांनी यावे. आपापल्या विहिरीचे पाणी बाटलीत आणावे.’ अक्षर कुसुमचं. झालं, माझं जायचं ठरलं.

बुलढाण्याच्या कॉलेजात आम्ही एकाच टेबलावर प्रयोग करायचो. एकदा सरांनी भर वर्गात मला विचारलं, "हे आकडे मोजलेत की मनानं लिहिलेत?" मनानंच लिहिले होते. कुसुम हळूच म्हणाली, "सांगून टाका." मी वही आपटली आणि कॉलेजातून जो बाहेर पडलो तो पडलोच. ती बी.एस्सी. होऊन आता सुलतानपूरच्या शाळेत मास्तरीण आहे. निघताना खिशात तिच्यासाठी चिठ्ठी ठेवली.

आईनं बाटली भरून दिली. "विचारजो, आपल्या विहिरीच्या पाण्यात दाळ काऊन शिजत नाही."

तुम्ही जाणार असाल तर बुलढाण्याहून सकाळची पहिली मोटार धरा आणि उजवीकडची खिडकी पकडा. डावीकडे ऊन भाजतं. चिखलीला भजी गरम मिळतात, तिकिटाहून कितीतरी स्वस्त. याच रस्त्यानं आमची सहल लोणारला गेली होती. कुसुमनं पुढच्या बाकावरून, मागं न बघता, मूठभर चिंचा दिल्या होत्या. तेच वळण आलं नि दात आंबले.

शेजारच्या आजींना भज्यांतल्या मिरचीनं ठसका लागला.

"बापू, पाणी दे रे!"

"आजी, हे तपासायचं हाय."

"मंग तपासूनच राह्यली ना मी!" म्हणत त्यांनी बाटली रिकामी केली.

मेहकरच्या स्टँडवर नळाखाली पुन्हा भरली. पाणी ते पाणी, कोणाले कळते?

शाळेचा व्हरांडा भरला होता. कुसुमनं लोणारच्या सरोवराच्या पाण्यात हळद टाकली. पाणी लाल झालं. पुढची म्हातारी ओरडली, "बाई, हे त कुंकू झालं!" मग एकेका गावचं पाणी नळीत, त्यात साबणाचे थेंब, आणि हलवायचं. ज्या पाण्याला फेस येत नाही, ते जड. त्यात डाळ शिजत नाही. माझ्या हातातली बाटली घेताना तिनं मला ओळखलं. नळी फेसानं भरली. तिनं फळ्यावर आमच्या गावापुढं लिहिलं: ‘हलकं, चांगलं.’

मागून एक पाटील म्हणाले, "भल्या गावचा हाय पोरगा! आमची पोरगी तिकडंच देतो बुवा!"

सगळे हसले. कुसुमही हसली. मला मात्र ती आपटलेली वही दिसली.

मी उठलो. "बाई, हे आमच्या गावचं पाणी नाही. मेहकरच्या नळाचं हाय."

"काऊन बे, मेहकरात लग्न लावतं का आता?" पाटील म्हणाले.

कुसुमनं शांतपणे ‘हलकं, चांगलं’ पुसलं. गावाचं नाव तेवढं ठेवलं. बाटली परत देताना म्हणाली, "त्या दिवशी एवढंच बोलला असता, तर टेबल रिकामं पडलं नसतं."

मी बाटली घेतली. चिठ्ठी खिशातच राहिली.

परतीची मोटार दिवस मावळायच्या आत धरा. नंतरची भरवशाची नाही. घरी आई दारातच होती. "काय निघालं रे पाण्यात?"

"तपासलंच नाही."

"मंग गेला कशाले एवढ्या दूर?"

चपला न काढता मी विहिरीवर गेलो. बाटली तीनदा खंगाळली, गळ्यापर्यंत भरली आणि बुचाला चिंधी आवळून बांधली. फळ्यावर आमच्या गावापुढं जागा कोरी आहे.