सुभेदार माघारी फिरत नसत

मी मूळचा देवासचा. नोकरी धारच्या पलटणीत, हुद्दा नाईक. त्या भाद्रपदात आमची तुकडी नर्मदाकाठी धरमपुरीला बंदोबस्ताला होती. सकाळी परेड, मग घाटावर ड्यूटी, संध्याकाळी हजेरी. नदीच्या मधोमध बेट आहे, त्यावर महादेवाचं देऊळ. दर्शनाला लोक नावेतून जात.

आमचे सुभेदार रंगराव मोहिते. कोणाचं ऐकायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. बोललेला शब्द मागे घेतला, असं मी कधी पाहिलं नाही. उलट उत्तर दिलं म्हणून त्यांनी शिपाई सखाराम घाडगेला भर उन्हात उभं केलं होतं. पुढे त्याच सखारामला पटकी झाली. डॉक्टर म्हणाले, जवळ जाऊ नका. सुभेदारांनी डॉक्टरांचंही ऐकलं नाही. सखाराम उठून बसेपर्यंत त्याला स्वतःच्या हातानं पाणी पाजलं.

त्या दिवशी सकाळी पाणी चढू लागलं. बेटावर बायकामुलांसह बरीच माणसं होती. अंमलदारांचा निरोप आला : वरून हुकूम येईपर्यंत नाव सोडू नये.

सुभेदार म्हणाले, "हुकूम येईल तोवर माणसं वाहून जातील. नाव काढा."

भेरू नावाडी वल्ही मारायला बसला. सुभेदार, सखाराम आणि आम्ही दोघे-तिघे पोहणारे बरोबर. खेपेमागून खेप झाली. शेवटची बाई काठावर उतरली, तेव्हा बेटावर ती जिथं उभी होती ती जागा पाण्याखाली गेली होती.

दुपार झाली. मागे उरले म्हातारे पुजारी. ते देव सोडून यायला तयार नव्हते. त्यांच्याजवळ सुभेदारांनी सखारामला ठेवलं होतं. "मी परत येतो," असं त्याला सांगून ते आले होते.

भेरू म्हणाला, "साब, अब नाव नी जाएगी. नरमदा मैया मान नी री है."

मीही म्हणालो, "साहेब, देऊळ उंचावर आहे. पाणी उतरेपर्यंत थांबू."

"नाईक, मी सखारामला शब्द दिलाय."

"साहेब, तो समजून घेईल."

"तू इथली माणसं सांभाळ. हा हुकूम आहे." मग भेरूकडे वळून म्हणाले, "तू उतर. वल्ही मी मारतो."

भेरू उतरला नाही. "नाव म्हारी है, साब. बिना म्हारे कैसे जाएगी?"

शिपाई दगडू शेळके न सांगता नावेत चढला.

नाव मधल्या धारेत पोचली. वरून एक अख्खं झाड वाहत आलं. ते आडवं लागलं आणि नाव उलटली. सुभेदारांचा फेटा एकदा वर दिसला. त्यानंतर काही दिसलं नाही. मी काठावर उभा होतो. मला हुकूम होता.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. सखाराम आणि पुजारी देवळाच्या ओट्यावर सुखरूप होते. सखारामचा आवाज पार बसला होता.

"ते येणार हे मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "नका येऊ, नका येऊ, म्हणून ओरडत होतो. पोचलं नाही."

लोक मला विचारतात, सुभेदारांचं चुकलं का? सकाळी त्यांनी ऐकलं असतं, तर ती बायकामुलं वाहून गेली असती. दुपारी ऐकलं असतं, तर हे तिघे राहिले असते. सकाळचा माणूस वेगळा आणि दुपारचा वेगळा, असं मला करता येत नाही.

भेरूच्या घरी मीच गेलो. त्याच्या बायकोनं विचारलं, "साब ने हुकम दियो थो?"

"नाही, बाई. साहेबांनी उतरायला सांगितलं होतं. तो आपणहून बसला."

 ती म्हणाली, "तो अब गुस्सा किस पे करूँ, भिया?"

 

सुभेदार रंगराव मोहिते. शिपाई दगडू शेळके. भेरू नावाडी. भेरू पलटणीचा नव्हता. पण मेलेल्यांची हजेरी मी मनात घेतो, तेव्हा त्याचं नाव घेतल्याशिवाय ती पुरी होत नाही.