परत आलेल्या बाटल्या

शोभा, मी निघाले त्या दुपारी तू रुसून बसली होतीस, कारण तुझा मरून स्वेटर माझ्या बॅगेत गेला होता. बाबा टॅक्सीवाल्याशी उगाच हुज्जत घालत होते. आईने माझ्या हातावर दही ठेवलं आणि म्हणाली, "जा गो बाय. हयचा मी बघतंय." मला वाटलं, ती घराचंच बोलतेय.

नाहूरला तेव्हा स्टेशन नव्हतं. आई आणि मी गवतातल्या पायवाटेने, म्हशींच्या गोठ्यांवरून मुलुंडच्या औषध कंपनीत चालत जायचो. ती पॅकिंगमध्ये बाटल्यांना लेबलं लावायची, मी बीएस्सी होऊन तिथेच लॅबमध्ये लागले होते. बाबांची गिरणी बंद पडली होती, घर आमच्या दोघींवर चालायचं. आईच्या हातांना संत्र्याच्या सिरपचा वास यायचा. वाया गेलेल्या लेबलांच्या कोऱ्या बाजूवर आपली नावं लिहून ती आपल्या वह्यांना चिकटवायची. एखादं जरा तिरकं गेलं की सोडवून पुन्हा लावायची. किती चिडवायचो गं आपण तिला! आज तो वास कुठे आला तर मला रडू येतं.

कंपनीने मला बेल्जियमच्या मुख्य ऑफिसात निवडलं आणि नेमकी मी निघायच्या आठवड्यात तिथूनच मुलांच्या तापाच्या सिरपची खोकी परत आली. आपलाच माल तिथे तपासणीत नापास झाला होता. तो रिपोर्ट मी वाचला होता. पॅकिंगमध्ये हुकूम आला, जुन्या लेबलांवर नवी लावा, माल इथल्या बाजारात जाईल. इन्स्पेक्टरचं चहापाणी साहेबांनी आधीच उरकलं होतं.

रात्री जेवताना आईने विचारलं, "परत इलेला औषध हय चलता काय गो? पोरांच्या पोटात जातला ता."

"साहेब बघतील ना, आई. तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

मला जायचं होतं, शोभा. तोंड उघडलं असतं तर तिकीट गेलं असतं. दुसरं काही कारण नव्हतं.

मी गेले आणि दुसऱ्याच दिवशी आईने लेबलं लावायला नकार दिला. तिला काढून टाकलं. हे मला दोन वर्षांनी तुझ्या पत्रातून कळलं. तोवर तिच्या पत्रांत 'हय सगळा बरा' असायचं आणि ती बालवाडीत डबे धुवायला जात होती. त्या मालाचं पुढे काय झालं, ते आजही मला माहीत नाही.

पहिल्या सुट्टीत मी तिला विचारलं, माल खराब आहे हे तुला सांगितलं कोणी?

"कोणी नाय. त्या राती जेवताना तू माझ्याकडे बघूक नाय." एवढं बोलून ती बांगडे साफ करायला बसली.

आता मुलुंडच्या त्या जागेवर टॉवर आहेत, आणि मी इथे बेल्जियमला कंपनीच्या 'जबाबदारी' विभागाची प्रमुख आहे. गुळगुळीत कागदावर आम्ही देशोदेशीच्या हसऱ्या मुलांचे फोटो छापतो. आई गेल्यावर तू नाहूरची खोली विकलीस, बरंच केलंस. माझं घर म्हणशील तर या स्वयंपाकघरातलं टेबल आणि दोन खुर्च्या, एक माझी, एक माझ्या लेकीची. माल बाजारात सोडायलाही माझी सही लागते. तो कागद आला की मी तो इथे आणते आणि लेकीसमोर जेवायला बसते. तिच्याकडे बघता आलं नाही, तर सही करत नाही.